सेइरान मारूचा सारंग

काकिची हे माझे थोरले दीर. सेइरान मारू या प्रवासी जहाजावर ते सारंग होते. डेकवरचे सगळे खलाशी त्यांच्या हाताखाली. आमच्या कुचिनोत्सु गावात मिसरूड फुटलेला मुलगा समुद्रावरच जायचा, आणि आया त्याला काकिचींच्या हवाली करायच्या. "बुडवलंत तर तुमच्या दारात येऊन बसेन हं," असं कुणी म्हटलं की ते म्हणत, "बसा की. चहा मात्र स्वतःच करून घ्या, आमची ही आळशी आहे."

जहाजाचे कप्तान मुनाकाता. तरुणपणापासून दोघं एकाच जहाजावर. एकदा कप्तान आमच्या घरी आले होते, तेव्हा रताळ्याची दारू पिऊन दिरांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. गावातल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

लढाई पेटली आणि लष्करानं जहाज ताब्यात घेतलं. पांढऱ्याशुभ्र अंगाला राखाडी रंग फासला, नाचघरात सैनिकांना झोपायला फळ्यांचे माळे ठोकले. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात ते दक्षिणेला फिलिपिन्सकडे निघायचं होतं. माझा नवरा तोमोजी तेव्हा कोळशाच्या धक्क्यावर काम करत होता. मीच त्याला समुद्रावर जाऊ देत नव्हते.

"तिकडे गेलेली जहाजं परत येत नाहीत म्हणतात," मी दिरांना म्हटलं.

"म्हणणाऱ्यांना काय काम आहे? आपल्या दोन्ही अंगांना लढाऊ जहाजं असणार आहेत, सेकी. कप्तानांनी मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. ते स्वतः येतायत. बॉयलरवर माणसं कमी आहेत, तोमोजीला द्या म्हणाले."

"तुमचा विश्वास आहे ना, भावजी?"

"बापावर नव्हता एवढा आहे."

तोमोजी गेला. शेजारच्या ओनोएबाईंचा मुलगा गेला, गावातले आणखीही काही जण गेले.

पानं झडायच्या सुमारास दीर एकटेच परतले. गाल बसलेले, मानेवर भाजल्याचा डाग. "तोमोजीला दुसऱ्या जहाजावर घेतलंय," एवढंच बोलले, तेही माझ्याकडे न बघता. माणूस दूर गेला की आमच्याकडे रोज त्याच्या नावाचं ताट वाढतात. मीही वाढत होते, आणि तो निवलेला भात नंतर स्वतः खात होते. एकदा दीर आले, ते ताट त्यांनी पाहिलं आणि उंबऱ्यावरूनच माघारी फिरले. पुढे येईनातच. विहिरीवर गाठ पडली तेव्हा मी टोचून बोलले, "भाऊ घरी नाही म्हणून आमच्या घराचा वीट आला वाटतं!" त्यांनी मान खाली घातली.

लढाई संपली त्या आठवड्यात त्यांनी आम्हा सगळ्या बायकांना जाळ्यांच्या शेडमध्ये बोलावलं. सेइरान मारू बुडाली होती, वर्षभरापूर्वीच. पाणतीर बॉयलरच्याच बाजूला लागला होता. वाचलेल्यांना लष्करानं एका बेटावर कोंडून ठेवलं आणि दम भरला, की तोंड उघडलं तर घरच्यांना देशद्रोही ठरवू.

"म्हणून मला वर्षभर मेलेल्या माणसाला जेवू घालू दिलंत?" मी विचारलं.

"तुला उचलून नेलं असतं, सेकी."

"मला सांगायचं होतं. नेलं असतं तर नेलं असतं."

ओनोएबाई म्हणाल्या, "आणि ती लढाऊ जहाजं कुठं गेली होती, सारंग?"

ती आलीच नव्हती. कप्तानही नव्हते. नांगर उचलायच्या आधी ते शिडीवरून होडीत उतरले होते. "मुख्यालयात जाऊन येतो," असं दिरांना सांगून गेले. त्याच शिडीवरून वर आला तो दुसराच कप्तान, अगदी कोवळा. मुनाकाता एकाएकी आजारी पडले, असं त्यानं सांगितलं. दिरांनी ते खरं मानलं होतं, अजूनही मानत होते. मी मानायला तयार नव्हते.

वसंतात आम्ही दोघं मोजी बंदरात कप्तानांचं घर शोधत गेलो. ते अंगणात काकडीच्या वेलांना काठ्या लावत होते. धडधाकट होते. दिरांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "तुमची तब्येत कशी आहे?"

कप्तानांनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी आजारी नव्हतो, काकिची. सोबतीची जहाजं दुसरीकडे पाठवल्याचं मला सकाळीच कळलं होतं."

"मग मला एक शब्द?"

"तुला सांगितलं असतं तर तू माणसं घेऊन उतरला असतास."

"उतरलोच असतो."

"मग माझं उतरणंही उघडं पडलं असतं."

दीर तिथंच जमिनीवर बसले. वादळातही न डगमगणारा तो माणूस हातानं माती चाचपत होता. मीच बोलले, "आमचा तोमोजी तर घरी होता. त्याला तुम्ही मागून घेतलंत."

कप्तान रडले. बोनच्या सणाला, पितर घरी येतात तेव्हा, आपण कुचिनोत्सुला येऊ आणि सगळ्या घरांसमोर आपल्या तोंडानं हे सांगू, असं म्हणाले. त्यांच्या बायकोनं गोड वड्या बांधून दिल्या, त्या मी तिथंच ठेवून आले. परतताना दीर म्हणाले, "येतील ते. रडले, पाहिलंस ना?"

बोनच्या दिवशी आम्ही सगळ्या धक्क्यावर उभ्या होतो. सकाळची बोट आली, दुपारची आली. माणसं उतरली, गाठोडी उतरली. शेवटी खलाशांनी फळी ओढून घेतली तेव्हा ओनोएबाई हसल्या. फार वाईट हसल्या. "सारंग, तुमचे कप्तान वाटेतच उतरले की काय?"

तेव्हा दीर माशांच्या पेटीवर चढले आणि सगळं सांगितलं. कप्तानांचं सांगितलं, आणि स्वतः किती घरांत जाऊन खोटं बोलले तेही. अपशकुन घालवायला फेकतात तसं कुणी त्यांच्या अंगावर मीठ फेकलं. ओनोएबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं.

ते पुन्हा समुद्रावर गेले नाहीत. गावातली जाळी दुरुस्त करत राहिले, माझ्या शेतातली रताळी काढायला येत. दीर म्हणून मी त्यांचं सगळं केलं. पण पुढच्या सगळ्या वर्षांत त्यांनी काही सांगितलं, अगदी उद्या वारा पडेल एवढंही, तरी माझ्या तोंडून निघायचंच, "नक्की?" आणि ते कधी न रागावता तेच पुन्हा एकदा सांगायचे.