कोण यायचं राहिलंय का?

शीतलदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडूजला, आईकडं होते. ऑफिसातला सचिन म्हणाला, ‘‘मॅडम, दादा गेले... सकाळीच. अटॅक.’’ मी विचारलं, ‘‘कुठं गेले?’’ आदल्याच दिवशी ज्याच्याशी भांडून रजा मंजूर करून घेतली, तो माणूस असा जाऊ शकतो हे डोक्यात शिरतच नव्हतं. महिना उलटला, अजून धड शिरलेलं नाही.

सांगलीजवळच्या आमच्या दूध संघात लागले, तेव्हा साहेबांचं नाव शीतल मगदूम आहे एवढंच कळलं होतं. बाईच्या हाताखाली काम करायला मिळणार म्हणून मी खूश! आमच्या खटाव भागात शीतल म्हणजे बाईच. केबिनमध्ये गेले तर झुबकेदार मिशा. इकडच्या जैन घरांत हे नाव पुरुषांचंही असतं, हे मला काय ठाऊक? माझा चेहरा बघून ते हसले, ‘‘बस गं, तुझ्यासारख्या लय जणी फसल्यात.’’ संघाच्या सगळ्या कॉम्प्युटरचा कारभार त्यांच्याकडं होता. सूर्य मावळायच्या आत जेवायचं आणि कुणावर आवाज चढवायचा नाही, हे दोन नेम त्यांनी कधी मोडले नाहीत. दुसऱ्या नेमाचा मला भयंकर राग यायचा. कामचुकार माणसाशीही ते गोडच बोलायचे.

त्यांना आठवताना मला सर्व्हर बदलला तो दिवस आठवतो. जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्यावर न्यायचा आणि सोबत सॉफ्टवेअरही नवं चढवायचं, असं ठरलं होतं. सकाळचं दूध घेऊन झालं की गावोगावच्या केंद्रांनी आपापली मशीन बंद करायची आणि संध्याकाळच्या दुधाआधी आम्ही काम उरकायचं. डेटा गेला, पण सॉफ्टवेअर अर्ध्यावर अडकलं. स्क्रीनवरची हिरवी पट्टी ढिम्म हलेना. कुठल्या तरी केंद्रातली नोंद उघडी होती आणि तिच्यापायी सगळं थांबलं होतं, पण फोन केला की प्रत्येक केंद्र सांगायचं, ‘‘बंद केलंय.’’ दुपार कलली. संध्याकाळी माणसं कॅन घेऊन आली आणि यंत्र सुरू नसलं, तर नासणारं दूध त्यांच्या घरचं होतं. कंपनीचा पुण्याचा इंजिनिअर फोनवरून म्हणाला, सगळी कनेक्शन तोडा. नियमानं त्याचं बरोबरच होतं. मीही हट्टाला पेटले, तोडा म्हणून. दादा म्हणाले, ‘‘तोडलं तर ती अर्धी नोंद पुसली जाईल गं. कुणाचं तरी दूध हाय ते.’’

आणि त्यांनी पुन्हा फोन लावायला घेतले. पण आता प्रश्न निराळा होता. ‘‘आवं तात्या, कोण यायचं राहिलंय का?’’

आष्ट्याच्या केंद्रातले तात्या लगेच म्हणाले, ‘‘व्हय की! हौसाक्का यायच्या हायत. एक कॅन घातला, दुसरा आणाय गेल्या आन् तिकडं म्हैस व्याली. तवापास्नं पावती उघडीच ठेवलीया. माणूस यायचं आसताना बंद कशी करायची?’’

‘‘मगाशी बंद केलंय म्हणालात?’’

‘‘कॉम्प्युटरचा पडदा बंद केलाय की!’’

मी कपाळावर हात मारला. मी असते तर तात्यांना फाडून खाल्लं असतं. दादांनी विचारलं, ‘‘रेडा का रेडी?’’

‘‘रेडी.’’

‘‘झ्याक. आता एका कॅनची पावती पक्की करा. दुसऱ्याची नवी काढू.’’

तात्यांनी बटण दाबलं आणि पट्टी सरकली. संध्याकाळी एकही कॅन माघारी गेला नाही. आम्ही टाळ्या पिटत होतो, तेव्हा दादा खिडकीपाशी उरलेल्या उन्हात घाईघाईनं भाकरी खात होते. त्या दिवसापासून सिस्टिम बंद करण्याआधी ते खोलीभर नजर फिरवून विचारायचे, ‘‘कोण यायचं राहिलंय का?’’ आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो... आता सचिनही तसंच विचारतो, आणि त्याला कुणी हसत नाही.

दादांचं लॉगिन बंद करायचं काम माझ्याकडं होतं. मी ते रोज उद्यावर ढकलत होते. त्यांचं नाव यादीत दिसलं की ते केबिनमध्येच आहेत असं वाटायचं, आणि ते वाटणं मला हवं होतं. पण त्यांच्या नावावर अडकलेल्या मंजुऱ्या दुसऱ्या कुणाला देता येत नव्हत्या आणि पलूसच्या केंद्राचं काम तटलं होतं. परवा शेवटी बसले. केबिनचं दार उघडं होतं. त्यांची खुर्ची अजून खिडकीकडं तोंड करून आहे. मी मोठ्यानं विचारलं, ‘‘कोण यायचं राहिलंय का?’’

थोडा वेळ थांबले. मग बटण दाबलं.