चांदी भरलेली दाढ

सुपारी चावताना वडिलांची दाढ तुटली. सीताबर्डीच्या दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मूळ शाबूत आहे. चांदी भरता येईल किंवा सोन्याची टोपी बसवता येईल, नाहीतर दाढ काढून नकली दात लावू.

बाहेर येताच वडील आईला म्हणाले, "अवं, तीन-तीन उपाय सांगून राहिला. डॉक्टर हाय का दुकानदार?"

आईला सोन्याचंच भय. "सोनं मरतेवेळी ठेवतेत तोंडात. जित्या माणसाले काहून?"

अखेर चांदी भरली. पण तेव्हापासून वडील दुसऱ्याच बाजूनं चावू लागले. काही वर्षांनी त्या बाजूची दाढ दुभंगली. ती काढताना डॉक्टरांनी विचारलं, "चांदीवाली कशी आहे?"

"मले काय मालूम?" वडील म्हणाले. "तिच्यानं मी कधी चावलंच नाही."