तीन रीडिंग

सरूताई तयार भाग हातात घेतला की आधी डोळे मिटायच्या. अंगठ्याचं नख कडेवरून एकदा फिरवायच्या आणि डोळे न उघडताच म्हणायच्या, "काटा हाय." भिंग लावून पाहिलं की तिथे केसाएवढा धातूचा काटा राहिलेला असायचाच. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग तयार होतात. सरूताई तिथे शेवटच्या तपासणीला होत्या. नऊ वर्षं झाली तरी ठेकेदाराच्याच कामगार. मी शेजारच्या गेज रूममध्ये, कायम नोकरीत. मापाची उपकरणं सांभाळायची आणि नोंदी ठेवायच्या, एवढंच माझं काम.

त्यांचं गाव लातूरकडचं. राहायच्या कुरुळीत, एका खोलीत, एकट्याच. चिंचवडहून कंपनीच्या बसने येताना मी पुस्तक वाचते हे कळल्यावर त्यांनी माझं नावच 'वाचनालय' ठेवलं. "काय वाचनालय, आज किती पानं झाली? आमच्यासारखीचं काय लिव्हलंय का त्यात?" मी नाही म्हटलं की म्हणायच्या, "मग कशाला डोळे फोडायलीस?"

पहिल्या वर्षी मी एकाच मापावरून दोनशे नग बाद ठरवले होते. लाल पट्टी लावणार, तेवढ्यात सरूताई आल्या. गेजचं टोक त्यांनी बाहीला पुसलं आणि पुन्हा मोजायला लावलं. माल चोख होता, टोकावर धूळ होती. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. मला मात्र बजावलं, "एका रीडिंगवर कुणाला बाद करायचं न्हाई. तीनदा मोज. तिन्ही वाकडी आली, तर मग साहेबाच्या बापाला बी भिऊ नको."

त्या दिवसापासून मी त्यांचं सगळं ऐकत आले. म्हणूनच शिफ्ट इंचार्ज साहेबाबद्दल सर्वांत आधी त्यांनाच सांगितलं. साहेब गेज रूममध्ये माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता, नोंदवही बघायच्या निमित्ताने. त्याचा हात आधी खुर्चीच्या पाठीवर होता, मग माझ्या. "जरा हसत जा की," म्हणाला आणि निघून गेला.

"कधी? किती वाजता?" सरूताईंनी विचारलं. रडू नको वगैरे काही नाही. "लिहून ठेव. आत्ता गेलीस तर म्हणंल, चुकून लागला. मग तूच खोटी. तीन होऊ दे. तिसऱ्याला मी येते तुझ्यासंगं एचआरला."

मला ते पटलं. वहीच्या शेवटच्या पानावर मी तारीख, वेळ आणि त्याचे शब्द लिहिले. मग सुरू झालं थांबणं. त्या दिवसांचं वर्णन मला अजून नीट जमत नाही. रोज सकाळी गेज रूमचं दार उघडताना वाटायचं, आज होईल. झालं नाही की सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच, अजून व्हायचंच आहे, हे आठवायचं. बुटांचा आवाज दारापर्यंत यायचा, थांबायचा, परत जायचा. तो काचेतून बघायचा आणि हसायचा. दीड महिन्याने फोनवर त्याचा निरोप आला, "पिवळा रंग तुला शोभतो." सरूताईंनी बोटं मोडली. "दोन झाले. धीर धर."

तिसरी नोंद व्हायला आणखी दोन महिने लागले. मी उपकरणांच्या कोठीत असताना तो आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं. त्या पाच मिनिटांबद्दल मी तक्रारीत लिहिलं आहे, इथे लिहीत नाही. बाहेरून कुणीतरी लोखंडी क्रेट दारावर आपटली, म्हणून दार उघडलं. क्रेट सरूताईंची होती. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एचआरकडे गेलो. मॅडम फार मऊ बोलल्या. पाणी दिलं. वहीचं पान वाचलं आणि विचारलं, "पहिल्या प्रकाराला साडेतीन महिने झाले. इतका त्रास होता, तर तुम्ही गप्प का बसलात?"

"ती न्हाई बसली, मी बसवली तिला," सरूताई म्हणाल्या. "तीन व्हावेत म्हणून."

"म्हणजे तुम्ही दोघी वाट बघत होतात," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी नेमकं तेवढंच लिहून घेतलं.

पुढच्या सोमवारी गेटवर सरूताईंचं कार्ड लागलं नाही. ठेकेदाराने फोनवर सांगितलं, सध्या काम कमी आहे. बुधवारी मॅडमनी मला बोलावून एक कागद पुढे केला. 'गैरसमजातून तक्रार झाली, ती मागे घेत आहे.' खाली सहीची जागा. "तुमच्या ताईंचंही बघता येईल मग," त्या म्हणाल्या. मी सही केली.

सरूताई परत आल्या, पण त्यांना पॅकिंगला टाकलं होतं, आठ तास उभ्याने. जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. डबा उघडला नाही.

"माझ्यासाठी केलीस सही?"

"हो."

"मला इचारायचं होतंस गं. मी न्हाई म्हणले असते." बराच वेळ त्या टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिल्या. "लोखंडाला तीनदा मोजलं तर लोखंडाला काय होतंय? काय बी न्हाई. मी तुला मोजू दिलं गं त्याला. तीनदा."

मी म्हटलं, ताई, तुमचा काय दोष? त्यांनी मान हलवली आणि उठून गेल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी वाचनालय म्हटलं नाही, मॅडम म्हणू लागल्या. ते मला सहीपेक्षाही जड गेलं.

चार महिन्यांनी, सकाळच्या शिफ्टला निघताना, त्या खोलीच्या उंबऱ्यातच कोसळल्या. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं.

कँटीनमध्ये शोकसभा झाली. गेटपासवरचाच फोटो मोठा करून हार घातला होता. साहेब बोलला. सरूताई मला बहिणीसारख्या होत्या, म्हणाला. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. साहेब बोलून माझ्या मागच्या रांगेत येऊन उभा राहिला होता. पंखे तेवढे फिरत होते. आणि त्या शांततेत त्याचा हात माझ्या पाठीवर आला. तिथे कुणी आवाज करणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"साहेब, हात काढा," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. भिंतीपर्यंत जाऊन परत आला. हात निघाला, सावकाश. साठ-सत्तर माणसं होती, एकही मान वर झाली नाही. उरलेली स्तब्धता सगळ्यांनी पूर्ण केली.

मी तिथूनच एचआरमध्ये गेले, मॅडमच्या टेबलासमोर बसून तक्रार लिहिली आणि पोच मागितली. "विचार करा," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या बाजूने बोलायला कुणी नाही." पोच हातात पडेपर्यंत मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा चिंचवडपासून चाकणपर्यंत रिकामी राहिली. सातजण उभे होते.