चार नंबरचं मशीन

वाचनालयात त्यांना सगळे पुसेकाका म्हणत. माणूस दिवसभर काही ना काही पुसतच असायचा. टेबलं, कीबोर्ड, पडद्यावरचे बोटांचे डाग, आणि कोणी कॉम्प्युटरवरून उठलं की त्याने काय काय पाहिलं त्याची यादीसुद्धा. खांद्यावर पिवळं फडकं आणि खिशात वाचकांची नोंद करायचं पेन, असा त्यांचा अवतार. कोणी चिडवलंच तर म्हणायचे, पुसतो म्हणून तर तुम्ही बसता.

कॉम्प्युटरची खोली तळमजल्यावर, वर्तमानपत्रांच्या मागे. मशिनं पाच. एक नंबर दारातच, येणारा-जाणारा डोकावणार. तीन नंबरच्या खुर्चीचा एक पाय आखूड. चार नंबर सगळ्यांत बरं, कारण ते कोपऱ्यात होतं, पाठीशी भिंत, पडदा दुसऱ्या कोणाला दिसायचा नाही. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, किंवा आहे पण घरच्यांसमोर उघडायची सोय नाही, अशी माणसं तिथे यायची. कोणी आपल्या दुखण्याबद्दल वाचायचं, कोणी नोकरीचा अर्ज भरायचं. काका कोणाच्या पडद्याकडे बघत नसत, आणि खोटं कशाला बोला, या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने त्यांना पुसायचं शिकवून ठेवलं होतं. इथे दाबायचं, एक छोटी चौकट उघडते, तीन टिक असतात: पाहिलेल्या पानांची यादी, उतरवून घेतलेल्या फायली आणि कुकीज. तिन्ही ठेवायचे आणि 'पुसा' म्हणायचं. पहिली तीन वर्षं काकांनी तसंच केलं. मग एक रिटायर्ड मास्तर कुरकुर करू लागले. ते रोज दोन नंबरवर बातम्या वाचायचे. रोज अक्षरं मोठी करून घ्यायची आणि रोज ती वेबसाइट पहिल्यापासून विचारणार, कुकीज मान्य आहेत का? मास्तर वैतागून म्हणाले, "चाळीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी रस्त्यात ओळखतात मला. हे लेकाचं काल भेटलेलं आज ओळखत नाही." बाकीच्यांनीही री ओढली. काकांनी थोडी खटपट करून पाहिली, तर तिसरा टिक काढून टाकला की सगळं आठवणीत राहत होतं. त्यांनी तो पाचही मशिनांवर काढून टाकला. मास्तर खूश, सगळे खूश. यादी गेली म्हणजे सगळं गेलं, असं काकांना वाटत होतं. तुम्हाआम्हालाही तसंच वाटतं, उगाच त्यांना हसू नये.

काकांना एकुलती एक मुलगी. तिला ते मुंगी म्हणायचे. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती, तेव्हापासून न बोलता घर ओढायची, म्हणून मुंगी. आता लग्नाला सहा वर्षं झाली होती. जवळच एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात यायची, काकांच्या डब्यातले दोन घास खायची आणि चार नंबरवर जाऊन बसायची. येताना काहीतरी आणायची. एकदा शाळेचे दाखले आणले, एकदा दोन कपडे, एकदा आईची शाल. "तुमच्या कपाटात राहू द्या बाबा, घरी हरवतं," म्हणायची. काका एका पिशवीत घालून ठेवायचे.

आता सांगून टाकतो. मुंगीला नवरा मारायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून, दिसणार नाही अशा जागी. तिचा मोबाइल तो रोज संध्याकाळी मागून घ्यायचा आणि एकेक गोष्ट उघडून बघायचा. काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. भर उन्हाळ्यात मुलगी लांब बाह्यांचे कपडे घालते, हसताना बरगडीवर हात ठेवते, हे बापाला दिसत होतं. पण जावई बोलायला इतका गोड, काकांच्या गुडघ्याची चौकशी करणारा, भेटला की वाकून नमस्कार करणारा, की काकांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मुंगीनेही सांगितलं नाही. बापाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पळून जायचं तर एकाच बळावर जाता येणार होतं: कुठे गेली ते नवऱ्याला कळता कामा नये. म्हणून ती चार नंबरवर बसून पार लांबच्या बंदराच्या गावातल्या खोल्या शोधत होती. हातात अर्धा तास. प्रत्येक वेबसाइट दारातच 'सगळं मान्य' असं मोठं बटण दाखवायची आणि ती ते दाबून पुढे जायची. 'नको' म्हणायचं बटण कुठे असतं ते शोधायला वेळ कोणाला होता? उठताना मात्र बापाला न चुकता सांगायची, "बाबा, माझ्यानंतर लगेच पुसा हं."

काका लगेच पुसायचे. पुसून झाल्यावर मशीन नीट चालतंय ना म्हणून बातम्यांचं पान उघडून बघायचे. गेल्या आठ-दहा दिवसांत त्या पानाच्या कडेला एक फोटो दिसायचा. लहानशी खोली, निळी चादर घातलेली खाट, खिडकीत समुद्र. खाली लिहिलेलं असायचं: 'तुम्ही पाहिलेली खोली अजून रिकामी आहे. फक्त एकट्या स्त्रियांसाठी.' काकांना वाटायचं, जाहिरातवाले, कोणाच्याही गळ्यात काहीही मारतात. फडक्याने पडदा पुसून ते पुढच्या माणसाला हाक मारायचे.

त्या मंगळवारी मुंगी चांगले बूट घेऊन आली. पिशवी फुगली होती. शुक्रवारी सगळं घेऊन जाईन म्हणाली, आणि जाताना उगीचच परत येऊन बापाच्या खांद्यावरचं फडकं नीट केलं.

बुधवारी जावई आला. त्याला दुसऱ्या गावच्या गोदामात बदली मागणारा अर्ज छापून हवा होता आणि त्याच्या ऑफिसातला प्रिंटर बिघडला होता. जावई वाचनालयात आला म्हणून काकांना कोण आनंद! एक नंबर रिकामं होतं, पण जावयाला दारात कसं बसवायचं? त्यांनी हाताला धरून त्याला कोपऱ्यात नेलं, खुर्ची पुसली. "इथे बसा जावईबापू, इथे कोणाचा त्रास नाही. मुंगीची ठरलेली जागा आहे ही." आणि चहा सांगायला बाहेर गेले.

अर्ज छापून व्हायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात जावयाने सहज म्हणून बातम्या उघडल्या. कडेला खोली होती. खाली बंदराच्या गावच्या गाडीची तिकिटं, त्याखाली घटस्फोटाचं काम बघणारी वकीलबाई. काका चहा घेऊन आले तेव्हा तो हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला होता. त्याने चहा प्यायला, कपाचं कौतुक केलं आणि विचारलं, "ती कधी कधी येते हो इथे?" काकांनी वार सांगितले, वेळ सांगितली. ती किती शहाणी आहे, एकेक वस्तू कशी जपून माझ्या कपाटात आणून ठेवते, तेही सांगितलं. जावई वाकून नमस्कार करून गेला.

शुक्रवारी मुंगी आली नाही. काकांनी डबा तीन वाजेपर्यंत उघडला नाही. फोन केला तर जावयाने उचलला आणि सांगितलं, ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली, झोपली आहे.

रविवारी काका गेले. मुंगीचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, एक डोळा सुजून मिटलेला. जावई आत-बाहेर करत होता. तो दारात आलेल्या माणसाशी बोलायला गेला तेवढ्यात तिने विचारलं.

"बाबा, चार नंबर पुसला नव्हता का?"

"पुसला होता गं. तुझ्यासमोरच नाही का पुसला?"

काकांनी हळूच म्हटलं, चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, "तुमचं घर त्याला माहीत आहे बाबा. आता ते गावही माहीत झालं." पोलिसांचं नाव काढलं तर तिने डोळाच मिटून घेतला. पोलिसांनीच याआधी दोनदा समजूत घालून तिला घरी पाठवलं होतं. बदलीचा अर्ज मंजूर झालाय, पुढच्या आठवड्यात निघायचं, हे जावयाने काकांना दारापर्यंत सोडताना सांगितलं. कुठे ते सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी काकांनी मेकॅनिकला बोलावून घेतलं. त्याने चौकट उघडली आणि विचारलं, "काका, हा तिसरा टिक कोणी काढला?"

मग त्याने समजावलं. वेबसाइट उघडली की ती मशीनमध्ये स्वतःची एक बारीक चिठ्ठी ठेवून जाते. तीच कुकी. परीट कपड्याच्या कोपऱ्यात खूण घालतो ना, तसं. पुढच्या वेळी आधी ती चिठ्ठी वाचते. मास्तरांची मोठी अक्षरं चिठ्ठीतच होती, त्यात वाईट काही नाही. पण जाहिरातवाल्यांच्याही चिठ्ठ्या असतात, आणि ते हजार वेबसाइटींवर बसलेले असतात. खोली एकीकडे पाहिली तरी बातम्यांच्या पानावर ती मागोमाग येते. खुर्चीवर कोण बसलंय ते त्यांना ठाऊक नसतं, मशीन तेच आहे एवढं पुरतं. यादी पुसली तरी चिठ्ठ्या तशाच राहतात.

"म्हणजे मी काढला म्हणून," काका म्हणाले.

मेकॅनिकला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, होतं असं काका, त्यात काय, टिक लावा की सगळं साफ. आणि पुढच्या कामाला निघून गेला.

काका आयुष्यात पहिल्यांदा चार नंबरवर स्वतः बसले. बातम्यांचं पान उघडलं. निळी चादर, खिडकीत समुद्र. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. दहा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. बापाला दहा दिवसांत कळलं नाही ते जावयाला पाच मिनिटांत कळलं. त्यांनी फोटोवर दाबलं, खाली नंबर होता, तो फिरवला. काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं.

एक वयस्कर बाई बोलल्या. "खोली ना? गेली हो, आज सकाळीच दिली. जाहिरात अजून दिसतेय का? खरं तर एका बाईसाठी राखून ठेवली होती मी. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने येते म्हणाली होती. कालपर्यंत किल्ली घेऊन बसले मी, पण आलीच नाही. तुम्ही तिचे कोण?"

काकांच्या मागे पिशवी कपाटात होती, बूट वरच होते. समोर पडद्यावर खोली अजून रिकामीच होती.

"मी वाचनालयातून बोलतोय," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.