सुपातली रेघ

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. महाडात कुणी त्या लिपीचा विषय काढला की मी पुराचं बोलायला लागायचो. पुराचं बोलणं इथं कधी संपत नाही, त्यामुळे सुटका व्हायची.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. माझा मित्र आखातात इमारतींचे नकाशे काढून म्हातारपणी गावी परतला होता. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मास्तर. पुण्याच्या एका संशोधक बाईंना सिंधू लिपीतल्या खुणा हाताने नीट उतरवून देणारी माणसं हवी होती. ते काम आम्हा दोघांना मिळालं. बाई मुद्रांच्या ठशांचे मोठे केलेले फोटो पाठवायच्या. आम्ही एकेक खूण कार्डावर काढायचो आणि सारख्या खुणांचे गठ्ठे लावायचो.

ऐकायला सोपं वाटतं. देवनागरीत अ दोन तऱ्हांनी काढतात, तरी अक्षर एकच. व-च्या पोटात एक रेघ आली की मात्र त्याचा ब होतो. आपल्याला वाचता येतं म्हणून हे कळतं. जी लिपी कुणालाच वाचता येत नाही, तिच्यातली रेघ ही नुसती हाताची लकब आहे की वेगळं अक्षर, हे कशावरून ठरवायचं?

एका खुणेला आम्ही सूप म्हणायचो. काही सुपांत एक बारीक आडवी रेघ असे. मी म्हटलं, ही कोरणाऱ्याची लकब. बाईंना तसं कळवलंही, आणि त्यांनी गावातल्या व्याख्यानात माझं कौतुक करून ते सांगितलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन भाई म्हणाला, "मास्तर, टाळ्या वाजल्या म्हणून सूप एक होत नाय. दोन हायत ती."

"सिद्ध कर."

"एकाच मुद्रेवर दोन्ही शेजारी शेजारी सापडली तर मानशील? एकच कारागीर, एकच बैठक, आणि लगेच लकब बदलली असं काय होत नाय."

"मानेन."

तशी मुद्रा मलाच सापडली. नव्या फोटोंचं पाकीट घेऊन मी एकटा बसलो होतो. दोन सुपं लागून होती, एकात रेघ, एकात नाही. ठसा स्वच्छ. तोवर माझी पुढची सगळी वर्गवारी त्या एका निर्णयावर उभी होती. आणखी कितीतरी खुणांतल्या रेघा मी लकब म्हणून सोडून दिल्या होत्या. मी तो फोटो 'खराब ठसे' लिहिलेल्या पत्र्याच्या पेटीत टाकला. झिजलेले, फुटके ठसे आम्ही हिशेबात धरत नसू, त्यामुळे ती पेटी कुणी उघडत नसे.

भाई मात्र शोधत राहिला. एकदा त्याने रेघ असलेलं एक सूप उतरवून माझ्यापुढे धरलं. मला पेटी आठवली आणि मी म्हणून बसलो, "भाई, साखर डोळ्यांत उतरलीय तुझ्या. या फोटोत रेघ नाहीच. तुला आता सगळीकडे रेघा दिसतात."

रेघ होती. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा पाहिलं. "असेल बाबा," म्हणाला.

त्यानंतर तो प्रत्येक रेघ मला विचारून काढू लागला. मग त्याने भिंग ठेवून दिलं. मग स्कूटर चालवणं सोडलं. नमाज झाली की दर शुक्रवारी तो तिच्यावरून पोलादपूरला बहिणीकडे जायचा. भाभींनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम. भाई मला हसत म्हणाला, "डॉक्टर घडीभर बघतो. तू माझं काम रोज बघतोस." खरं सांगायचं तर पेटी उघडायला हवी होती, आणि पेटी उघडली असती तर सगळे गठ्ठे मोडले असते. आता तर त्या गठ्ठ्यांखाली भाईही होता.

मोठ्या पुराच्या वेळी सावित्री नदीचं पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा तो माझ्या घरी होता. कार्डं माळ्यावर न्यायला धावत आला होता. सगळ्यात शेवटी मी ती पेटी उचलली.

"खराब ठसेपण वाचवतोस? टाक रे, सावित्रीला दे!" तो वरून ओरडला.

मला ती टाकवेना. जिना बुडाला आणि आम्ही वर अडकलो. बसण्याजोगं काही नव्हतं, म्हणून भाई त्या पेटीवरच बसला. खाली कपाटं भिंतींवर आपटत होती.

"पाणी कुठवर आलं सांग, मास्तर. मला नीट दिसत नाय."

मी खिडकीतून बघून सांगत राहिलो. तुळशीवृंदावन गेलं. कुंपणाच्या गडग्याचा वरचा दगड अजून दिसतोय. आता तोही गेला. खिडकी त्याच्याही समोर होती. त्याला नुसतं 'ऊठ' म्हटलं असतं, तरी पुढचं आपोआप बोलावं लागलं असतं. पाणी उतरेपर्यंत तो पेटीवर बसून होता आणि मी त्याच्यापुढे उभा होतो.

नंतर भाईच्या मुलाने त्याला मुंब्र्याला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. नजर गेलेल्या माणसाने पुराच्या गावात राहू नये, असं त्याचं म्हणणं. मी रिक्षातून वीर स्टेशनपर्यंत सोबत गेलो. पेटीतला तो फोटो माझ्या खिशात होता.

"गाडी येतेय का रे? तूच बघ," भाई म्हणाला.

दूर रुळांवर इंजिनाचा दिवा दिसत होता. भाईचं तोंडही तिकडेच होतं.

"येतेय," मी म्हणालो. भाभींनी पिशव्या उचलल्या.

तो तिकडेच वारला. मग मी फोटो बाईंना पाठवला आणि खरं काय ते कळवलं. त्यांनी गठ्ठे मोडून नव्याने लावले; सुपं आता दोन आहेत. पण रिक्षात मनाशी घोकत नेलेलं वाक्य माझ्याकडेच राहिलं: भाई, रेघ होती. तुझे डोळे धड होते, मी खोटं बोललो. मला माफ कर.