बॉल चालते, हवा चालत नाही

आमच्या साडभाऊंइतका पक्क्या खात्रीनं गोंधळलेला माणूस अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात सापडायचा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. पुण्या-मुंबईकडे ज्यांना साडू म्हणतात ते. गोंधळलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतः त्यांतलाच आहे. पण आपला गोंधळ उडाला की आपण गप्प बसतो, कोणाला तरी विचारतो, निदान डोकं खाजवतो. साडभाऊ ताबडतोब निर्णय घेतात. एकदा गॅस पेटेना म्हणून त्यांनी बाजारात जाऊन नवा रेग्युलेटर आणला, तो बसेना म्हणून नळी बदलली, नळीनंही भागेना तेव्हा शेगडी उलटी करून घासली. सिलिंडर रिकामं होतं. ताईंनी ते हलवून दाखवलं, तेव्हा साडभाऊ सिलिंडरकडेच रागानं पाहत म्हणाले, "मंग आधी काहून नाही सांगतलं?"

भरवेलीच्या मँगनीज खाणीत त्यांची उभी हयात गेली आणि तिथल्या कॉलनीच्या व्हॉलीबॉल टीमचे ते कायमचे कप्तान. नोकरी संपली, बालाघाटला घर बांधलं, पण कप्तानपद काही सुटलं नाही. कोणताही माणूस समोर आला की साडभाऊ त्याची जागा मनातल्या मनात ठरवून टाकतात. आमच्या घरी भाड्यानं राहायला आलेल्या तहसीलमधल्या बाबूला त्यांनी नाव-गाव विचारायच्या आधी मान वर करून न्याहाळलं आणि मला म्हणाले, "नेटवर चालन हा." वकील, डॉक्टर, वारासिवनीचे राइस मिलवाले, सगळे त्यांच्या हिशेबात एक तर नेटवरचे किंवा मागचे. त्यांचं म्हणणं असं की, दोन माणसांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसेल तर त्यांच्यामध्ये बॉल टाकावा, पुढचं पुढं होते. कटंगीला एका लग्नात वरात फार उशिरा आली आणि दोन्हीकडची मंडळी तोंडं फुगवून बसली, तेव्हा साडभाऊंनी मांडवाचा बांबू आणि जनरेटरची गाडी यांच्यामध्ये साडीचा दोर बांधून वरपक्ष विरुद्ध वधूपक्ष असा सामना लावला. भांडण मिटलं हे खरं, पण नवरदेवाचा फेटा वरणात पडला आणि भटजी मुहूर्त टळला म्हणून रुसले. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हाही ते बघायला आले ते बॉल घेऊनच. "नुसता हातात धरून पडा, भाऊ. बोटाईले बरं वाटते," म्हणाले. पोटाला टाके असलेल्या माणसाच्या बोटांची काळजी त्यांनाच असू शकते.

अशा माणसानं जगात एकाच माणसाला कधी खेळायला बोलावलं नव्हतं, तो म्हणजे त्यांचा जावई.

त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी बंगळूरला नोकरी करते. तिथेच एका केरळच्या मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं. आईबापांना तिनं आधी कळवलं होतं, या म्हणून सांगितलं होतं. साडभाऊ गेले नाहीत, म्हणून ताईही गेल्या नाहीत. रागावले होते का, असं मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "राग नाही जी. मले समजूनच नाही राह्यलं. तिथं जाऊन मी उभं कुठं राहाचं? कोनाले काय म्हनाचं? त्याची आई आपल्याशी बोलन कोनत्या भाषेत?" आयुष्यात पहिल्यांदाच गोंधळात त्यांनी निर्णय घेतला नव्हता, आणि नेमकी तीच वेळ निघून गेली. त्यानंतर पल्लवीचा फोन आला आणि मागून जावयाचा आवाज ऐकू आला की साडभाऊ फोन ताईंच्या हातात देऊन अंगणात जायचे. जावयाचा उल्लेख करायची पाळी आलीच तर "इंजिनियर साहेब" म्हणायचे.

मग पल्लवीनंच तिकिटं काढली. मुंबईहून गोव्याला जाणारं मोठं पर्यटनाचं जहाज. ती दोघं, आईबाप आणि मध्ये बसायला म्हणून मावशी-काका, म्हणजे आम्ही. साडभाऊ नाही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते म्हणाले, "हौ." आणि सामान बांधायला लागले.

तिकिटाबरोबर जहाजावर काय आणावं आणि काय आणू नये याची बारीक अक्षरांतली पानं आली होती. साडभाऊंनी ती पुन्हा पुन्हा वाचली आणि दर वाचनागणिक त्यांचं सामान वाढत गेलं. शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला आणि मीही ऐकावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"सर, स्पोर्ट्स का सामान परमिशन से अलाउड है," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "सिर्फ रिस्ट्रिक्टेड आयटम अलाउड नहीं है."

"तो बॅट इन दोनों में से क्या हुई?"

"वो डिपेंड करता है, सर."

"किस पर?"

"आयटम पर, सर."

साडभाऊंनी समाधानानं फोन ठेवला. "घ्या म्हनते," ते मला म्हणाले.

मी जन्मभर बालाघाटात राहिलेला माणूस, समुद्राच्या बाबतीत माझं मत काय विचारता? मीही मान हलवली.

त्यांचं सामान गोंदियाच्या गाडीत चढवताना स्टेशनवरचे लोक थांबून बघत होते. व्हॉलीबॉल आणि त्याचं नेट तर होतंच. शिवाय हवा भरायचा पंप, क्रिकेटची बॅट आणि स्टंप, बॅडमिंटनच्या रॅकेटी, मधोमध फोल्ड होणारा कॅरमबोर्ड, मासे पकडायचा गळ, आणि या सगळ्यावर गुंडाळून दोरीनं बांधलेली ट्रॅक्टरच्या टायरची ट्यूब. "जहाज बुडालं तं?" हे तिचं स्पष्टीकरण. "वैनगंगेत पोरं यावरच तरतात का नाही?" माझ्या बायकोनं ट्यूबकडे पाहिलं, आम्हां चौघांकडे पाहिलं, आणि विचारलं, "जिजाजी, एवढ्यावर सगळे बसू?" साडभाऊ विचारात पडले आणि म्हणाले, "पाळीपाळीनं बसू."

ताईंच्या पिशवीतही भाजी चिरायची विळी, पाणी तापवायचा रॉड आणि इस्तरी होती. जहाजावरच्या जेवणावर आणि पाण्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

मुंबईच्या बंदरावर पल्लवी आणि जावई आमची वाट बघत उभे होते. जावई उंच, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. वाकून तो सगळ्यांच्या पाया पडला. साडभाऊंपर्यंत आला तेव्हा दोन्ही हातांत सामान असलेल्या साडभाऊंनी घाईत आशीर्वाद म्हणून बॅटच त्याच्या खांद्याला टेकवली. "नमस्ते, सर," जावई म्हणाला. सासऱ्याला काय म्हणायचं हे त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं.

तपासणीच्या यंत्रातून आमच्या बॅगा सरकायला लागल्या आणि पट्टा थांबला. मागे लांबच लांब रांग. वर्दीतल्या अधिकाऱ्यानं एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली. गळ नाही चालणार, त्याला आकडा आहे. विळी तर बघताच त्यानं दोन बोटांनी बाजूला सरकवली. रॉड नाही, इस्तरी नाही. बॅट आणि स्टंप नाहीत. कॅरमबोर्डाच्या डब्यातून पांढरी पावडर सांडली तेव्हा त्यानं आणखी एका अधिकाऱ्याला बोलावलं. दोघांनी ती हुंगली, मग साडभाऊंनीही हुंगली, आणि शिंकले. ट्यूब बघून मात्र तो बिचारा नुसताच बसून राहिला.

"अंकल, जहाज में लाइफबोट होती है."

"हौ, पर वो तो जहाज की हुई ना?" साडभाऊ म्हणाले. "ये अपनी है."

व्हॉलीबॉलमधली हवा प्रवासासाठी काढलेली होती. अधिकाऱ्यानं तो चपटा बॉल आणि नेट परत बॅगेत ठेवलं आणि पंप उचलून जप्तीच्या टोपलीत टाकला. सगळं परतीच्या वेळी मिळेल, म्हणाला.

साडभाऊ माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "भाऊ, बॉल चालते, हवा चालत नाही. काहून?"

मला काय ठाऊक! मी पल्लवीकडे पाहिलं. ती लाजेनं लाल झाली होती. मागचे लोक घड्याळं बघत होते, कोणीतरी हसलंही. अधिकारी वैतागून म्हणाला, "अंकल, चार दिन घूमने आए हो या टूर्नामेंट खेलने? इतना सामान किसके लिए?"

साडभाऊ हळू आवाजात म्हणाले, "दामाद के लिए. वो क्या खेलते हैं, हमको मालूम नहीं था. तो सब लाए."

पल्लवीनं मान फिरवली. ताईंनी पदर तोंडाला लावला. जावई आमच्या पाठीमागेच उभा होता, त्यानं प्रत्येक शब्द ऐकला होता. तो पुढे आला, साडभाऊंच्या हातातली बॅग त्यानं घेतली आणि चालू लागला.

जहाजावर तो सगळा दिवस साडभाऊ हरवल्यासारखे होते. सगळे दरवाजे सारखे, सगळ्या गल्ल्या सारख्या; आपल्या खोलीऐवजी एका गुजराती कुटुंबाच्या खोलीत जाऊन त्यांचा चहा पिऊन आले. जावयासमोर मात्र येत नव्हते. बिना हवेचा बॉल मांडीवर घेऊन पलंगावर बसले होते. "मी सगळ्याईसमोर पोरीची मान खाली घातली," एवढंच म्हणाले. मी समजूत घालायला गेलो, पण ती कशी घालतात ते मला कधीच जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. जावई आला आणि त्यानं इडलीच्या ताटल्यांमध्ये तो बॉल ठेवला. टम्म फुगलेला. वरच्या मजल्यावर खेळायची जागा होती, तिथल्या माणसाकडे पंप होता. जावयानं सकाळी उठून ताईंकडून बॉल घेतला होता आणि तो पंप शोधून काढला होता.

"सर, मुझे कुछ नहीं आता," तो म्हणाला. "सच में. चश्मे की वजह से स्कूल में कोई टीम में लेता नहीं था. आप सिखाएँगे?"

साडभाऊंनी इडली अर्धी टाकली.

जहाजाच्या माथ्यावर चारी बाजूंनी उंच जाळी लावलेलं, वरून उघडं असं छोटंसं मैदान होतं. साडभाऊंनी धोतर खोचावं तशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जावयासमोर उभे राहिले. त्याच्या हातांची जुळणी स्वतःच्या हातांनी करून दिली, अंगठे जवळ आणले, कोपरं सरळ केली. "इंजिनियर साहेब, हात मत मारो, घुटने से उठाओ. घुटने से!" पहिला बॉल जावयाच्या चष्म्यावर बसला. दुसरा माझ्या पोटावर. साडभाऊंसारख्या माणसाला एवढा वाईट शिष्य आयुष्यात मिळाला नसेल, पण ते एकदाही चिडले नाहीत. बाकावर बसलेल्या पल्लवीनं ताईंचा हात धरला होता. माझी बायको मला म्हणाली, "पाहून घ्या, जिजाजी हसून राह्यले."

आणि मग एकदाचा जावयाचा हात जुळून आला. बॉल त्याच्या मनगटांवर नीट बसला आणि वर गेला. साडभाऊ "शाबास!" म्हणून ओरडले. बॉल आणखी वर गेला, वाऱ्यानं त्याला कुशीत घेतलं, आणि जाळीवरून पलीकडे समुद्रात उतरला. आम्ही सगळे धावलो. खाली दूरवर एक पांढरा ठिपका लाटांवर मागे मागे जात होता. भरवेलीच्या कॉलनीनं त्यांना निरोपाच्या दिवशी दिलेला बॉल होता तो. हे जावयाला माहीत नव्हतं, पण आमचे चेहरे बघून त्याला काहीतरी कळलं.

"सॉरी, सर. सॉरी."

साडभाऊ ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग जावयाचा दंड त्यांनी मुठीत धरून दाबून पाहिला. "हात में जोर है रे, पोरा," म्हणाले.

बाकीचे खाली गेले. आम्ही तिघं कठड्याशी उभे राहिलो. ऊन डोक्यावर येईपर्यंत साडभाऊ तिथून हलले नाहीत, म्हणून जावई हलला नाही, म्हणून मीही. पुष्कळ वेळानं साडभाऊंनी विचारलं, "शादी में तुम्हारी तरफ से कौन था?"

"माँ थी. और ऑफिस के दो दोस्त."

"और हमारी तरफ से?"

जावयानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "पल्लवी थी, बाबूजी," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर साडभाऊंनी काहीतरी उत्तर दिलं असतं. ते नुसते मान हलवत राहिले. नेमकं काय कळलं आणि आता काय करायचं याचा त्यांना पत्ता लागत नाहीये हे मला दिसत होतं. आत्ताच्या आत्ता लग्नाला जाता येत असतं तर ते तसेच, दुमडलेल्या पँटनिशी निघाले असते. चारी बाजूंना पाणीच पाणी होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "आपलं बालाघाट कोनत्या अंगाले आलं हो?"

मी बराच विचार करून एका दिशेला बोट दाखवलं. साडभाऊ तिकडे बघायला लागले. जावयानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना अलगद दुसरीकडे वळवलं.