चालू नमुना

कारखान्यात तिला सगळे नमुनाबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. खरेदी विभागात तिच्या खुर्चीमागे एक लोखंडी कपाट होतं. कारखाना जे जे बाहेरून विकत घेई त्याचा मंजूर झालेला पहिला नग त्यात ठेवलेला असे. नळी, स्क्रू, मुठीवरचा फोम, रबर. प्रत्येकाला दोरा, दोऱ्यावर लाखेचं सील, सीलखाली चिठ्ठीवर दोन सह्या. एक पुरवठादाराची, एक तिची. किल्ली तिच्या पर्समध्ये. कपाट क्वचितच उघडे, आणि उघडलं की आतून बंद घराचा वास येई.

कारखाना कुबड्या आणि आधाराच्या काठ्या बनवी. बनवी म्हणजे काय, सुटे भाग जोडी. सगळे भाग बाहेरून येत. काठीच्या तळाशी जी रबरी टोपी असते तिला कामगार 'बूट' म्हणत. जमिनीला धरून ठेवणारी एवढी एकच गोष्ट त्या काठीत असते, बाकी सगळा डामडौल.

हे तिला शिकवलं होतं जुन्या साहेबांनी. ते तिच्याआधी त्या खुर्चीवर होते. पान न खाताही पान खाल्ल्यासारखं बोलत. "भाव काय, कुणीही पाडतो," ते म्हणत. "तुमची आईसुद्धा भाजीवाल्याशी पाडते. पहिल्या दिवशी जे ठरलं तेच शेवटच्या दिवशी दारात येतंय की नाही, हे बघणं म्हणजे खरेदी. पुरवठादार गोड बोलायला लागला की नमुना काढून टेबलावर ठेवायचा. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर."

तिने हे इतकं मनावर घेतलं की घरीही तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय पायपुसणं आणलं नाही. धाकटी बहीण माहेरी आली की हसायची. "ताई, स्थळंसुद्धा तू तीनच मागवलीस, आणि तिन्ही नापास केलीस!"

"तू एकच बघितलंस आणि घेतलंस. आता तक्रार कुणाकडे करशील?" ती म्हणायची. मग दोघी हसत, आणि आतल्या खोलीतून बाबा विचारत, "काय झालं गं? मलाही सांगा." आणि काठी वाजवत, टप्प, टप्प, बाहेर येत.

बाबांची डावी बाजू एका सकाळी अचानक गेली होती, तेव्हापासून ती काठी. काठी अर्थात कारखान्याचीच. तिचा बूट झिजायच्या आत ती बदलून टाकी. नवा लॉट आला की तपासून उरलेला एक नग पर्समध्ये येई. एवढी एक सवलत तिने स्वतःला दिली होती.

बूट पुरवणारा मात्र एकच होता. रबरवाले काका. सुरुवातीला तिने तिघांकडून दरपत्रकं मागवली होती. काकांचा भाव सर्वांत चढा, पण त्यांनी स्वतः येऊन बूट ओल्या फरशीवर ठेवला होता आणि म्हणाले होते, "बाई, उभ्या राहा यावर." ती राहिली होती. बूट जागचा हलला नव्हता. काका तेव्हाही खोकत होते, छातीत डबा वाजावा तसं. पुढे माल इतका वेळेवर येत गेला की बाकीचे दोघे आपोआप गळले, आणि दरवर्षी कागदावर तीच लिहीत गेली, 'एकच पुरवठादार, कारण विश्वासू.' फोन केला की पलीकडून तेच वाक्य येई. "बाई, माल गेला म्हणजे गेला. निर्धास्त राहा."

नियम असा होता की प्रत्येक नवा लॉट सीलबंद नमुन्याशी ताडून बघायचा. पण त्यासाठी कपाट उघडा, दोरा सोडा, पुन्हा लाख लावा, दोन सह्या घ्या. गाड्या फाटकाशी उभ्या राहत. म्हणून तिने एक युक्ती काढली. तपासणीच्या टेबलाच्या खणात मागच्या पास झालेल्या लॉटमधला एक नग ठेवायचा, नवा लॉट त्याच्याशी जुळवायचा आणि पास झाला की खणातला जुना फेकून नव्यातला ठेवायचा. तिने त्याला नाव दिलं, 'चालू नमुना'. काम झटपट होऊ लागलं. वार्षिक सभेत तिला टाळ्या मिळाल्या. जुने साहेब तोवर निवृत्त झाले होते. ते असते तर वाजवल्या असत्या का, हा विचार तिला त्या दिवशी शिवला नाही.

एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, ती ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. मानेवर कुणाचा तरी श्वास आल्यासारखा वाटला. वळली, तर हातभर अंतरावर बाबा.

"अहो, कधी आलात?"

"केव्हाचा उभा आहे. तुझं चिरणं बघतोय."

"आवाज नाही दिलात ते?"

"मी कशाला देऊ आवाज? काठी देते की."

ती हसली. पण सुरी खाली ठेवली. बाबा परत निघाले तसं तिने कान देऊन ऐकलं. बाबांच्या सपातांचं घासणं ऐकू येत होतं. काठी उचलली जात होती, टेकली जात होती, आणि तिथे काहीही वाजत नव्हतं. चित्रातल्या माणसाने चालावं तसं. हे कधीपासून? तिला आठवेना. कालही असंच होतं. परवाही.

त्याच आठवड्यात न्हाणीघरात काठी सरकली. बाबांनी नळ धरला म्हणून वाचले. "काही नाही गं, फरशीच पुढे गेली," ते म्हणाले आणि स्वतःच हसले, पण नळावरची त्यांची मूठ तिला सोडवावी लागली. तिने काठी उलटी केली. बूट आत्ताच बदललेला, नवा कोरा, आणि तळ हाताच्या तळव्यासारखा गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने खण उघडला. खणातला बूट आणि बाबांसाठी पर्समध्ये ठेवलेला पुढचा बूट, दोन्ही शेजारी ठेवले. तंतोतंत. फाटकाशी नवा लॉट आलेला, त्यातला एक आणवला. तोही तंतोतंत. तिला हायसं वाटायला हवं होतं. ती उठली आणि कपाट उघडलं.

सील फोडून तिने जे बाहेर काढलं ते आधी तिला ओळखूच येईना. वाटलं, दुसऱ्याच कशाची चिठ्ठी लागली असेल. ते काळंभोर होतं, जड, त्याला तीव्र वास होता. तळाला एकात एक वर्तुळं खोल कोरलेली, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. शेजारचा चालू नमुना फिकट, हलका आणि बिनवासाचा, तळाला एकही रेघ नाही. चिठ्ठीवर तिचीच सही होती, पण तीही तिला जरा परकी वाटली. त्या काळी ती अक्षर तिरकं काढत असे हे ती विसरली होती.

कधी बदललं हे? कधीच नाही. प्रत्येक लॉट मागच्यासारखाच होता. वर्तुळं एकेक करून गेली होती, आणि प्रत्येक वेळी तिने सही केली होती.

दारात जोडणीवाले साहेब येऊन उभे राहिले. सगळी जोडणी त्यांच्या हाताखाली चाले. घाईतला माणूस, शर्टाच्या बाह्या कायम वर.

"बाई, बुटांच्या लॉटवर सही तेवढी. हॉस्पिटलच्या कुबड्या उद्या सकाळी निघायच्या आहेत. फक्त बूट चढवायचे राहिलेत."

"संध्याकाळपर्यंत थांबा."

"काय झालं? जुळत नाही का?"

"जुळतोय," ती म्हणाली. "तेच झालंय."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. "तब्येत बरी आहे ना?"

तिने नमुना रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि बस पकडली. रबरवाल्या काकांच्या कारखान्यात ती पहिल्या मंजुरीनंतर गेलीच नव्हती. फोनवर काम होत होतं, मग कशाला? रस्त्याने खिडकीतून ती माणसं बघत राहिली. चौकात एक म्हातारी कुबडीवर रस्ता ओलांडत होती. दुकानासमोर एक पोरगेला माणूस दोन कुबड्यांवर लटकून गप्पा मारत होता. कुबड्या तिच्याच कारखान्याच्या होत्या, निळी मूठ लांबूनही कळते. तिने काच सरकवली, कान बाहेर काढला. गाड्या ऐकू आल्या, भोंगे ऐकू आले. त्या दोघांचं पाऊल ऐकू आलं नाही. किती जण असे फिरत असतील, आणि सगळ्यांना आपण पाठवलंय.

पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई साच्यातून बूट उपटून टोपलीत टाकत होती. प्रत्येक नग ती आधीच्या नगाला टेकवून बघे आणि मग टाकी. तेवढ्यात आतून आवाज आला.

"या बाई. निर्धास्त बसा."

काकांचा आवाज. ती वळली. समोर तिशीतला एक माणूस, गोल चेहऱ्याचा, हात पुसत उभा.

"काका कुठे आहेत?"

"काका? ते जाऊन फार वर्षं झाली."

"अहो, परवा मी त्यांच्याशी फोनवर बोलले!"

"मीच होतो तो." तो जरा ओशाळला. "गिऱ्हाइकाला ओळखीचा आवाज लागतो. माल गेला म्हणजे गेला, असं म्हणायचं. तसंच म्हणतो मी."

"तुम्ही काकांचे चिरंजीव?"

"छे हो! मी इथे साच्यावर होतो. माझ्याआधी फोन काकांचे मेव्हणे घ्यायचे. मी त्यांचं ऐकून शिकलो. काकांना मी पाहिलेलंच नाही. ते खोकायचे म्हणे. मेव्हणे नाही खोकायचे, म्हणून मीही नाही खोकत."

ती खुर्चीवर बसली. खोकला. खोकला कधी थांबला होता? आधी कमी झाला, मग नुसतं खाकरणं, मग काही नाही. तिला वाटलं होतं, काकांना बरं वाटतंय.

तिने रुमाल सोडला. त्याने नमुना हातात घेतला, उलटासुलटा केला, वास घेतला. "हे काय आहे?"

"तुमचाच माल. याची जोडी तुमच्याकडे असायला हवी, सीलबंद."

त्याने साच्यावरच्या बाईकडे पाहिलं. ती बहुधा इथली सर्वांत जुनी. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "ती जोडी काकांनी शेवटी स्वतःच्या काठीला लावली होती. पाय धरत नव्हते त्यांचे. काठी त्यांच्याबरोबरच गेली."

"मग तुम्ही इतकी वर्षं कशावरून बनवताय?"

"तुम्ही पास करता त्यावरून," तो माणूस सरळपणे म्हणाला. "साचा झिजतो बाई. आम्ही मनाशी म्हणतो, यंदा बाई परत पाठवणार. तुम्ही नाही पाठवत. मग तोच खरा, असं धरतो."

संध्याकाळी तिने लॉट नापास केला. जोडणीवाले साहेब आधी हसले, मग ओरडले. "अहो, दुसरा पुरवठादार आहे का आपल्याकडे? आहे का? एकच, एकच, एकच लिहून ठेवलंय तुम्ही! आता हॉस्पिटलला काय पाठवू, नुसत्या नळ्या?"

"काही पाठवू नका. आणि बाहेर गेलेल्याही परत मागवायला लागतील."

"कुठून मागवणार? चालतायत त्या!"

"हो," ती म्हणाली. "ऐकू येत नाही, पण चालतायत."

तीन नव्या पुरवठादारांना तिने दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. नमुना एकच उरला होता जगात, आणि सकाळी तो टेबलावर हवा होता. पण ती रात्र बाबांनी त्या गुळगुळीत तळावर काढावी, हे तिला जमेना. उजेड होता तोवर ती घरी पोचली. बाबांच्या काठीचा बूट उपटला आणि नमुना चढवला. सहज बसला, जणू तिथलाच.

"चाला बघू," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला ओट्याशी गेली.

टप्प.

मग काहीच नाही. मग घाबरलेला आवाज. "कोण आलंय गं?"

"कुणी नाही बाबा. तुमचीच काठी."

टप्प. टप्प. पुन्हा थांबले. "माझी नाही. मी असा वाजत नाही. कुणीतरी माझ्या पावलावर पाऊल टाकतंय."

ती वळली नाही. तो आवाज तिला बहिणीच्या हसण्यासकट आठवत होता, आतल्या खोलीतून येणारा, घाईचा, मलाही सांगा म्हणणारा. त्या आवाजाचे बाबा आणि आत्ता मागे उभे असलेले बाबा तिने कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. रोज कालच्याशी जुळवले होते. आज वळून पाहिलं तर काय दिसेल, हे बघायची तिला छाती होईना.

"भीती वाटत असेल तर काढते मी तो बूट," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "नाहीतरी सकाळी मला परत न्यायचाय."

टप्प, एक पाऊल जवळ. आणखी एक. काठी जमिनीला घट्ट धरत होती, सरकत नव्हती.

"नको काढूस," बाबा हळूच म्हणाले. "इतक्या दिवसांनी आलाय. येऊ दे त्याला आत."

तिने आधणात आणखी एक कप पाणी घातलं.